बोटभर ओल

लॅबमध्ये तिला सगळे बत्तीशी म्हणत. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? पाच-सहा दंतवैद्य आपल्या रुग्णांच्या तोंडाचे साचे डब्यात घालून तिच्याकडे पाठवायचे. ही त्या साच्यांत प्लास्टर ओतायची, मेणावर एकेक दात रोवायची आणि परक्या माणसांचं हसू जुळवून परत पाठवायची. हे नाव मुळात तिच्या नवऱ्यानं ठेवलेलं. लग्नाआधी तो लॅबमध्ये वायरिंग करायला आला होता. शिडीवरून खाली वाकून म्हणाला, "ओ बत्तीशी, जरा मेन स्विच बंद करता का?" ती हसली, आणि पुढचं सगळं त्या हसण्यातून झालं.

तो जाऊन आता नऊ महिने झाले होते. तो गेला तो मंगळवार होता. छातीत कळ आली म्हणून तो शिडीवरून आपला आपण उतरला, पक्कड आणि टेस्टर पिशवीत नीट ठेवले, भिंतीला टेकून बसला आणि संपला. वय एकेचाळीस. डॉक्टर म्हणाले, जेमतेम वीस मिनिटं गेली असतील. त्या वीस मिनिटांत आपण काय करत होतो हे बत्तीशीला नंतर आठवून आठवून आठवलं. एका आजोबांच्या कवळीचा खालचा डावा सुळा वाकडा बसला होता, तो ती सरळ करत होती.

ती रडली नाही. याचा लोकांना फार त्रास झाला. लोकांचं तंत्र असं, की माणूस रडलं तर म्हणायचं सावर, आणि नाही रडलं तर म्हणायचं रड. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा आल्या, तिच्या गळ्यात पडल्या आणि स्वतःच पोटभर रडून गेल्या. पालथ्या घड्यावर पाणी! "दगड आहे हो," असं त्या जिन्यात कुणाला तरी म्हणाल्या, आणि जिन्यात बोललेलं चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. बत्तीशीनं ते ऐकलं. तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. दात काढण्याआधी सुई देतात, त्यानंतर गाल आपला असून आपला राहत नाही. बोटानं दाबला तर बोटाला गाल लागतो, गालाला बोट लागत नाही. तिचं सगळंच तसं झालं होतं. ती कामावर जात होती, दात बसवत होती, घरी येऊन जेवत होती, झोपही लागत होती. मनाला काही लागत नव्हतं, एवढंच.

घरात ती आणि सासरे, दोघंच. मूलबाळ नव्हतं. सासऱ्यांना ती बाबा म्हणायची. बाबांनी चौतीस वर्षं एका अकरा मजली कचेरीत लिफ्टमनची नोकरी केली, आणि राहायला मिळालं ते बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. हा विनोद येणाऱ्याजाणाऱ्याला ते स्वतःच सांगायचे. त्यांची सगळी भाषाच मजल्यांची होती. "ताप सातव्या मजल्यावर गेलाय." "सूनबाई, आज मीठ तळमजल्यावरच राहिलं गं." निवृत्त होताना लिफ्टमधलं बसायचं लाकडी स्टूल त्यांनी मागून घेतलं होतं. त्या स्टुलावर बसून ते दिवसभर बोलायचे आणि मुलगा ओरडायचा, "बाबा, जरा दार बंद करा!" आता ते दार खरोखरच बंद झालं होतं. "चहा झाला." "औषध घेतलं." "येते." "ये." एवढ्यावर दिवस निघत होता. दोन माणसांच्या घरात सगळ्यात जास्त आवाज फ्रीजचा होता.

आणि गॅलरी होती. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी गॅलरी, तिच्यात सात कुंड्या. टोमॅटो, पुदिना, कोरफड, दोन गुलाब, एक जास्वंद आणि कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीत लिंबू. हे लिंबू त्यानं सरबतातली बी थुंकून लावलं होतं. बी थुंकून झाड लावणारा माणूस पुढे त्याला पाणी घालताना मात्र न्यायाधीशासारखा वागायचा. आधी मातीत बोट घालायचं, दोन पेरं आत. दोन्ही पेरं कोरडी निघाली तरच पाणी. "पाहुण्याला विचारून वाढतो ना आपण? मग झाडाला विचारायला लाज कसली?" हे तो दर रविवारी तरी एकदा ऐकवायचा. मग मातीचं बोट पँटला पुसायचा. त्याच्या झाडून सगळ्या पँटींना उजव्या मांडीवर एकच एक पुसट डाग होता. कपाटातल्या पँटींना तो अजून होता. धुऊन जाईना, आणि आता कुणी धूतही नव्हतं.

तो गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात गॅलरीच्या दाराचा पडदा ओढला गेला. बत्तीशीला वाटलं, बाबांनी ओढला. त्यांना ती झाडं बघवत नसतील. बाबांना वाटलं, सूनबाईनं ओढला. बिचारीला सहन होत नसेल. खरं म्हणजे तो खालच्या काकूंनी ओढला होता, रडताना ऊन डोळ्यांवर येतं म्हणून. पण हे विचारणार कोण? दोघंही एकमेकांना इतकं जपत होते, की जपता जपता बोलायचंच राहून गेलं.

पहाटे पावणेसहाला बत्तीशी उठायची. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं आहे ना, हे बघून पडदा जरासा सरकवायची आणि गॅलरीत जायची. प्रत्येक कुंडीला एक मग पाणी. खाली रस्त्यावर दुधाची गाडी उभी असे. समोरच्या इमारतीत कुणीतरी दात घासता घासता फेऱ्या मारत असे. माती पाणी प्यायला लागली की बारीक आवाज येतो, तो ती ऐकायची. त्या दहा मिनिटांत तिला बरं वाटायचं असं म्हणणं जास्तीचं होईल. पण बधिर असणं वेगळं आणि शांत असणं वेगळं, आणि दिवसातली ही दहा मिनिटं दुसऱ्या जातीची होती एवढं तिला कळत होतं. मग फरशी पुसून, पडदा होता तसा ओढून ती चहा ठेवायची.

आता गंमत बघा. लॅबमध्ये हीच बाई पाणी मिलीलिटरवर मोजायची. शंभर ग्रॅम पावडरीला तीस मिली, एक थेंब जास्त नाही. पाणी वाढलं की साचा ठिसूळ होतो, हे नव्या मुलींना ती दटावून सांगायची. आणि घरी आल्यावर न बघता मगच्या मग रिकामे करत होती. तिला नियम आठवत नव्हता असं नाही. पण मातीत बोट घालणं हे त्याचं होतं, आणि आपलं बोट तिथे घालायला तिचा हात धजत नव्हता.

महिन्याभरात टोमॅटो पिवळा पडला. मग कोरफड, जिला कुणी काही केलं नाही तरी ती जगते, ती बुडापासून मऊ होऊन आडवी झाली. एक गुलाब गेला, मग दुसरा. पुदिना तेवढा माजला. शेवटी लिंबाची पानं फिकट व्हायला लागली तेव्हा बत्तीशी कुंडीपाशी खाली बसली. बाकीची झाडं बाजारातून आणलेली होती, पुन्हा आणता आली असती. लिंबू त्याच्या तोंडातून आलं होतं.

तिनं चार पिवळी पानं रुमालात गुंडाळून नेली. लॅबच्या रस्त्याला एक रोपवाली बसायची, रोपांपेक्षा सल्ले जास्त विकणारी. तिनं पानं चुरगळून बघितली.

"पाणी किती घालता?"

"मगभर."

"कधी?"

"रोज."

"रोज!" रोपवालीनं कपाळाला हात लावला. "अति तिथे माती म्हणतात, तुमच्याकडे तर मातीचापण चिखल केलाय. मुळं गुदमरली असतील की हो. थोडं उपाशी ठेवा त्याला."

बत्तीशीनं दुसऱ्या दिवसापासून अर्धा मग केला. पानं पिवळी पडतच राहिली. पाव मग केला. तरी तेच.

याच सुमारास नणंदेचा फोन आला. नणंद तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहायची. ती एका शाळेची मुख्याध्यापिका. मनानं चांगली, पण बोलताना समोरच्याला पट्टीनं समास आखून द्यायची. "हे बघ वहिनी, स्पष्टच विचारते. तू दिवसभर कामावर. बाबांचे गुडघे गेलेले, चार मजले चढउतार. आमच्याकडे तळमजला आहे, माणसं आहेत. तुझंही वय काही फार नाही, तुलाही तुझं आयुष्य आहे. मी येत्या रविवारी गाडी घेऊन येते. तुझी काही हरकत?"

हरकत! बत्तीशीनं मनात चाचपून बघितलं. तिथे काहीच हाताला लागलं नाही. "बाबांची इच्छा," ती म्हणाली.

नणंदेनं मग बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "सूनबाई म्हणेल तसं."

झालं! एकानं दुसऱ्यावर टाकलं, दुसऱ्यानं पहिलीवर, आणि तिसरीला वाटलं दोघांचं एकमत आहे. त्या रात्री बाबांनी कपाटावरची बॅग खाली काढली. बत्तीशीनं त्यांचे स्वेटर घडी करून दिले. तुम्ही मला हवे आहात, हे एक वाक्य तिच्याकडे होतं. पण ज्या जागेतून ते यायचं ती जागाच तिला सापडत नव्हती.

लिंबाला तिनं पाणी पूर्ण बंद केलं. चार दिवस एक थेंब घातला नाही. पहाटे नुसती जाऊन उभी राहायची. पाचव्या दिवशी, गुरुवारी, लिंबाची आणखी सहा पानं खाली पडलेली दिसली. आता मात्र तिनं दात आवळले आणि उजव्या हाताचं बोट मातीत घातलं. पहिलं पेर. दुसरं पेर.

माती ओलीचिंब होती.

चार दिवस पाणी नाही, आणि माती अशी, जशी कुणी आत्ता पाणी घालून गेलं आहे. बत्तीशी तशीच वाकून उभी राहिली. ती काही भोळीभाबडी बाई नव्हती. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पण एक क्षण, एकच क्षण, तिला वाटलं की तो येतो. आपण झोपलेलो असताना येतो, बोट घालतो, पाणी घालतो आणि पँटला बोट पुसून जातो. नऊ महिन्यांत तिला पहिल्यांदा काहीतरी लागलं, आणि ते इतकं जोरात लागलं की तिला कठड्याला धरावं लागलं. मग क्षण गेला. खाली दुधाची गाडी निघून गेली. तिनं हात धुतले आणि चहा ठेवला.

दुपारी दोन वाजता लॅबमधली वीज गेली. मेण वितळवायचं बंद, यंत्रं बंद. मालक म्हणाले, "वायरमन चारला येतो म्हणाला. तोवर बसून काय करणार? जा घरी." वायरमन हा शब्द कुणी तिच्यासमोर सहसा उच्चारत नसत. मालकांच्या लक्षात आलं तेव्हा ते उगाच एक साचा उचलून बघायला लागले. बत्तीशीनं पर्स घेतली.

कुलूप उघडून ती आत आली तर गॅलरीचा पडदा बाजूला होता आणि दुपारचं ऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. त्या उन्हातून बाबा चालले होते. एका हातात पाण्यानं भरलेला मग, दुसरा हात भिंतीवर. एक पाऊल, थांबायचं, दुसरं पाऊल. बादली उचलायची ताकद नव्हती म्हणून एकेक मग स्वयंपाकघरातून गॅलरीत. खांद्यावर फरशी पुसायचं फडकं. टोमॅटोच्या वाळक्या काडीलाही त्यांनी पाणी घातलं, कोरफड होती त्या नुसत्या मातीलाही घातलं. मग लिंबाच्या कुंडीत अख्खा मग रिकामा केला आणि परत वळले. समोर सून.

चोरी पकडली गेल्यावर लहान मूल हात मागे नेतं, तसा त्यांनी मग पाठीमागे नेला.

"आज लवकर?" ते म्हणाले.

"वीज गेली." बत्तीशी मगाकडे बघत होती. "बाबा, हे रोज?"

"हो. म्हणजे तू गेल्यावर. दुपारी." त्यांनी फडक्यानं कपाळ पुसलं. "तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. तू पडदा ओढलास ना, मला वाटलं, तुला बघवत नाही. पण झाडं मरतील गं. आणि आता पिवळी पडायला लागली म्हटल्यावर मी दोन-दोन मग घालतोय, तरी कशी भागत नाही यांची तहान, कळत नाही."

"पडदा मी नाही ओढला."

"मग?"

"मला वाटलं तुम्ही."

बाबांनी पडद्याकडे बघितलं, जसा काही तोच आता खुलासा करणार होता.

"बाबा, मीपण घालते पाणी. रोज पहाटे. तुम्ही झोपलेले असताना."

दोन घरचा पाहुणा उपाशी, हे आपण ऐकलेलं असतं. दोन हातांचं झाड बुडून मरतं, हा शोध या घरानं लावला. सकाळी ही, दुपारी ते. हिनं कमी केलं की त्यांनी वाढवलं. दोघांनीही फरशी पुसून पुरावे नष्ट केले. इतक्या प्रेमानं आणि इतक्या चोरून कुणी चार झाडं मारली नसतील.

बाबा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "बोट नाही घातलंस?"

"आज पहाटे, पहिल्यांदाच. तुम्ही?"

"नाही गं." त्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं. "ते त्याचं होतं."

फ्रीज बंद झाला. खोलीत खरोखरची शांतता झाली.

"बरं झालं कळलं," बाबा म्हणाले. "आता तूच घालत जा. मी काय, रविवारी जाणारच आहे. एकाच हातचं पाणी लागतं झाडाला." हे म्हणताना त्यांनी मग तिच्यापुढे केला. बत्तीशीला कळलं, ते तिला मग देत नव्हते. आपली दुपारची ती अर्धी घटका देत होते, जशी तिची पहाटेची दहा मिनिटं होती.

तिनं मग घेतला नाही. "आधी वाळू दे ती माती," ती म्हणाली. "कोण बघणार रोज? मी दिवसभर लॅबमध्ये. तुम्ही बोट घालून बघा, आणि संध्याकाळी मला सांगा."

यापेक्षा जास्त तिला काही सुचलं नाही. पण बाबांनी ते धरलं. शनिवारी त्यांनी स्वतःहून मुलीला फोन लावला. "उद्या नको येऊस. लिंबाची माती ओली आहे. ती कोरडी झाली की निघतो."

"बाबा, मातीसाठी?" नणंदेचा आवाज फोनबाहेर ऐकू आला. "ठीक आहे. पुढच्या रविवारी. त्या दिवशी कारण चालणार नाही."

तो आठवडा विचित्र गेला. संध्याकाळी बत्तीशी दार उघडायची आणि बाबांचा अहवाल तयार असायचा. बोटाची पेरं म्हणजे त्यांना मजलेच. "पहिला मजला दमट. दुसऱ्यावर चिखल." मंगळवारी, "पहिला मजला कोरडा व्हायला लागलाय. दुसऱ्यावर गर्दी तशीच." बुधवारी त्यांनी मातीचं बोट पुढे करून दाखवलं आणि बत्तीशीनं ते वाकून, सुळा तपासावा तसं तपासलं. पडदा उघडाच राहायला लागला. जेवताना चार वाक्यं जास्तीची व्हायला लागली, पाचवी खालच्या काकूंबद्दल. शुक्रवारी लिंबाला टोकाशी तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला. बाबांनी तो दिसल्याचं सांगितलं आणि लगेच गप्प झाले. झाड सुधारतंय म्हणजे माती वाळतेय, हे दोघांनाही कळत होतं.

शनिवारी संध्याकाळी ती आली तेव्हा बाबा दाराशी नव्हते. बॅग दाराशी होती. तिच्यावर स्टूल दोरीनं बांधून ठेवलेलं.

"दोन्ही मजले कोरडे," आतून आवाज आला.

"बरं."

"उद्या पाणी घाल. मी गेल्यावर."

"बरं."

किती सोपं होतं! तोंड उघडायचं आणि म्हणायचं. परक्यांची शेकडो तोंडं तिनं आजवर उघडमीट करून बघितली होती, वरचा जबडा खालच्यावर नीट बसतो का ते पाहत. स्वतःचं तेवढं उघडेना. जेवण झालं, भांडी झाली, दिवे मालवले.

पहाटे पाचलाच तिला जाग आली. डोळे उघडायच्या आधीच एक पोरकट विचार डोक्यात तयार होता, आणि तो पोरकट आहे हे कळूनही ती उठली. माती कोरडी झाली की निघतो, असं बाबा म्हणाले होते. मग कोरडी नसली तर? ताई नऊला येतील. बोट घाला म्हणावं, बघा अजून ओली आहे. तिनं अनवाणी जाऊन मग भरला. लिंबाशी वाकली. आणि नियम म्हणून, आता सवय झाली होती म्हणून, आधी बोट घातलं.

ओली. पहिला मजला ओला, दुसरा ओला. कुंडीखालच्या ताटलीत काठोकाठ पाणी.

या वेळी तिला तो येऊन गेला असं वाटलं नाही. कोण येऊन गेलं ते तिला पक्कं माहीत होतं. कठड्याजवळ स्टूल होतं, दोरी सोडलेलं.

ती भरलेला मग हातात घेऊन बाबांच्या खोलीत गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते, पांघरूण कानापर्यंत. उजवा हात तेवढा बाहेर राहिला होता, आणि त्याच्या बोटाला दोन पेरांपर्यंत माती होती.

"बाबा. जागे आहात ना?"

"नाही."

"माती ओली आहे."

"असेल." थोडं थांबून, "हवा दमट आहे."

"ताटलीत पाणी आहे, बाबा."

बाबा वळले. तिच्या हातातला भरलेला मग त्यांना दिसला. त्यांनी मगाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि ते उठून बसले.

"तूपण?" ते म्हणाले.

"जाऊ नका," बत्तीशी म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात. मला एकटीला नाही राहायचं इथे. त्याच्याबद्दल बोलायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही." हातातला मग कलला, पाणी पांघरुणावर सांडलं. तिनं मातीच्या हातानं स्वतःचा गाल पुसला, आणि गालाला बोट लागलं. ओलं, खरखरीत, थंड. ती मोठ्यानं रडली. जिन्यात ऐकू गेलं असेल. खालच्या काकूंना त्या दिवशी बरं वाटलं असेल.

नऊ वाजता नणंद आली, चार मजले चढून धापा टाकत. "झाली का कोरडी?" तिनं दारातूनच विचारलं. मग दोघांचे सुजलेले डोळे तिला दिसले आणि पुढचा प्रश्न तिनं गिळला. तिला कुणी काही सांगितलं नाही. ती सरळ गॅलरीत गेली आणि लिंबाच्या मातीत तिनं बोट घातलं, दोन पेरं आत. तिलाही ते कुणीतरी शिकवलेलं होतं. बराच वेळ ती पाठमोरी तशीच वाकून राहिली.

"ही तर आठवडाभर वाळत नाही," ती शेवटी म्हणाली. आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. तिनं बोट बाहेर काढलं आणि न बघता, आपल्या चांगल्या कपड्यांना, उजव्या मांडीवर पुसलं.